गडाआधी ग्राफ चढतो!

पावसाळ्यातल्या रविवारी पुण्याहून लोणावळ्याला जाणारी सकाळची लोकल पकडा. मळवली आलं, की सॅक आणि रेनकोटवाली अख्खी पब्लिक खाली! सगळ्यांची स्वारी लोहगडावर. गायमुख खिंडीकडे गाड्यांची रांग, पायऱ्यांवर माणसांची. लोहगडवाडीतल्या माणसाने घरी पोचायचं कसं?

मी मुद्दाम मंगळवारी गेले. गणेश दरवाजा, नारायण दरवाजा, हनुमान दरवाजा, महादरवाजा... निवांत थांबत चढले. विंचूकाट्याच्या टोकावर धुकं जरा हटलं आणि खाली पवना धरणाचं पाणी दिसलं. सॉल्लिड! हाच गड रविवारी गुदमरतो.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने १२ मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. ११ महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. लोहगड त्यातलाच. म्हणजे गर्दी वाढणारच. पण किती आणि कधी?

तिकीट खिडकी आलेला माणूस मोजते. येऊ घातलेला माणूस आधी मोबाइलवर सापडतो. 'गूगल ट्रेंड्स'वर 'लोहगड' टाकून बघा. पाऊस सुरू झाला, की रेघ वर! विकिपीडियाच्या प्रत्येक लेखाचे तर जुलै २०१५ पासूनचे रोजचे वाचक-आकडे सगळ्यांना खुले आहेत, तेही भाषेनुसार. युरोपीय संघाच्या 'युरोस्टॅट'ने याच आकड्यांवरून जागतिक वारसास्थळांमधला लोकांचा रस मोजून पाहिलाय. मग आपण का नाही? रेघ चढायला लागली, की मळवलीहून जादा बस, खिंडीत पोलिस, फिरती टॉयलेट्स, गर्दीच्या दिवशी वेळ ठरवून प्रवेश. माहितीफलक कुठल्या भाषेत हवेत, याचाही अंदाज येईल.

पण थांबा, ग्राफला डोक्यावर बसवू नका. ट्रेंड्सवरचे १०० म्हणजे १०० माणसं नव्हेत. निवडलेल्या काळातला तो फक्त सर्वांत उंच बिंदू. वाचणारा प्रत्येकजण गडावर येतोच असंही नाही. आणि शाळेच्या सहलीची एसटी किंवा शेजारच्या गावातून आलेलं कुटुंब कुठे सर्च करून येतं? नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही याच यादीत आहे. १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच गिरिदुर्ग. क्लिक कमी म्हणून त्याच्या वाट्याला निधीही कमी, असं झालं तर वारसा जपण्याऐवजी आपण फक्त फेमस जागाच आणखी फेमस करू.

माझ्या मते, हा डेटा वापरायचा तो गर्दी खेचायला नाही, पांगवायला. लोहगड सर्च करणाऱ्याला तिथेच सांगा, की शेजारी विसापूर आहे, पायथ्याला भाजे लेणी आहेत. २२ लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी!

कसं जाल? मळवली स्टेशनवरून भाजे गावातून चालत. शक्यतो मधल्या वारी. बॉसला काय सांगायचं, ते तुम्ही बघा!