कॅन्टीनचा तक्ता

एमपीएमच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या प्रोजेक्टमधल्या एका तक्त्यावर लाल पेनाने फुली मारली. ती अजून झोंबते.

एमपीएम, म्हणजे मास्टर ऑफ पर्सोनेल मॅनेजमेंट, पुण्यातलं. तेव्हा पर्सोनेल म्हणायचे, आता एचआर. प्रोजेक्ट कारखान्याच्या कॅन्टीनवर होता. पर्मनंट कामगार आत कुपनावर जेवायचे आणि ठेक्याचे लोक शेडमागे डबा उघडायचे. मशीन तेच, शिफ्ट तीच. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टात अडीचशेहून जास्त कामगार असतील तिथे सरकारला तेव्हा कॅन्टीन सक्तीचं करता यायचं, आणि १९७६ च्या दुरुस्तीनंतर ठेकेदारामार्फत आलेलाही त्यात कामगारच होता. मी दोघांची संख्या शेजारी शेजारी मांडली होती.

"हे लोक सॅम्पलमध्ये कशाला घेतलेत? ते कंपनीचे नाहीत."

मी व्याख्या सांगायला लागले.

"कायदा लेबर लॉच्या पेपरात लिहा, मॅडम."

माझे गाईड शेजारीच होते. चष्मा पुसत होते. इतका वेळ चष्मा पुसतात का कोणी?

ते कॅन्टीन पुन्हा आठवलं गेल्या वर्षी, तंजावूरहून पट्टुकोट्टईच्या रस्त्याने ओरत्तनाडुला गेले तेव्हा. तंजावूरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी आपली प्रेयसी मुक्तांबाळ हिच्या नावाने बांधलेलं छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, तिथे आहे. राज्यातल्या छत्रांविषयी सरफोजींनी १८०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं होतं. ब्राह्मणापासून परैयापर्यंत प्रत्येक वाटसरूला भात, शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा, आजाऱ्याला वैद्य. आणि मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा, की जेवायचं कोणी राहिलं असेल तर या! कामगार कल्याण म्हटलं की आम्हाला रॉबर्ट ओवेन न्यू लॅनार्कच्या गिरणीत १८०० मध्ये आला हे पाठ होतं. त्याच सुमाराचं हे आपलं पत्र मात्र कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.

बघताना भारावले, पण परतीच्या बसमध्ये शंका आली. राज्य १७९९ मध्येच कंपनीकडे गेलेलं. छत्रांच्या जमिनी टिकाव्यात म्हणून लिहिलेलं ते पत्र, त्यात उणं कोण लिहील? शिवाय वाटसरूला घालतात ते अन्नदान. ठेक्याच्या माणसाला दान नको होतं, त्याला कुपन हवं होतं. माझी तुलना तिथेच लंगडी पडते.

एचआर शिकणाऱ्यांनी तरी प्रोजेक्टला शेडमागे जाऊन बसावं. मार्क कमी पडतील, पडू देत. माझा तो तक्ता लक्षपूर्वक वाचला तो नोकरीच्या मुलाखतीत एका फॅक्टरी मॅनेजरने. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "याची कॉपी आणखी कुणाकडे आहे का?"