बॅकअप हवा, पण सीटखाली नको

उन्हाळ्यात नागपूरहून पारशिवनीला आत्याकडे जायचं आणि तिथून कोलितमारा गेटला पेंचचं जंगल बघायला, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. यंदा सोबतच्या मित्राने कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीत पेट्रोल भरून ती मागच्या सीटखाली ठेवली होती. म्हणे, "जंगलात पंप कुठे शोधणार? बॅकअप असलेला बरा!" बॅकअप म्हटलं की आम्ही आयटीवाले सहसा वाद घालत नाही. मी घातला, कारण त्याच सीटवर त्याची पोरगी झोपली होती.

विदर्भातला मे महिना म्हणजे बाहेर ४५ अंश, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत ६० च्या पुढे. खरं तर पेट्रोलची वाफ पेटायला उन्हाळा लागतच नाही, उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगी पुरते. उन्हाने वाफ वाढते, बाटली फुगते आणि झाकणातून गळायला लागते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे ती पायाशीच साचते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्का झालं तरी भडका उडू शकतो.

१९३४ चा पेट्रोलियम कायदा विक्रीसाठी नसलेलं ३० लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना ठेवू देतो. पण घट्ट बुचाच्या धातूच्या, काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात, आणि शेवटची दोन एक लिटरपेक्षा मोठी नकोत. कोल्ड्रिंकची बाटली यात कुठेच बसत नाही.

न्यायचंच असेल तर धातूचा जेरीकॅन घ्या. तो जमिनीवर ठेवून भरा, गाडीत ठेवून नको. स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. वर थोडी जागा मोकळी सोडा, डिकीत उभा बांधा. आणि रिकामा कॅनही वाफेने भरलेला असतो, हे विसरू नका.

पण गरज तरी आहे का? नागपूर-कोलितमारा जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरच्या आत. लिटरला १५ चा ॲव्हरेज धरला तरी १४ लिटर पुरे. छोट्या गाडीची टाकीही त्याहून मोठी असते! म्हणजे बॅकअप कंपनीनेच दिलाय, तोही माणसं बसतात त्या जागेच्या बाहेर.

मित्राला हिशोब पटला. आत्याच्या अंगणात इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर बाटली टाकीत रिकामी केली.

असो. यापुढे आमच्या गाडीचा नियम एकच: निघतानाच टाकी फुल, आणि काटा अर्ध्यावर आला की दिसेल तो पंप आपला.