आवाज न करणारी बाजू

द्रोणागिरीच्या परिसरात मोटारीचे पुढचे अंग लवकर खिळखिळे होते, यात नवल नाही. १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झाले आणि मिठागरांच्या व खाजणांच्या या पट्ट्यातून कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरांची रीघ लागली. भरावाची जमीन दबते, तिच्यावरचा रस्ता लाटेसारखा वरखाली होतो, आणि खाऱ्या हवेने गाडीच्या पोटाखालचे बोल्ट गंजतात.

तेथील एका किराणा व्यापाऱ्यांची नऊ वर्षांची मोटार दिवाळीच्या सुमारास डावीकडून खटखट करू लागली. एरवी त्यांनी महिनाभर दुर्लक्षच केले असते. परंतु कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होणार होता आणि त्यानंतर साध्वीजींचा पनवेलच्या दिशेने विहार होता. पहाटेच्या अंधारात चालणाऱ्यांच्या मागे, दिवे लुकलुकवत, याच गाडीने जायचे ठरले होते. विहारातील साधू-साध्वींना वाहनाने धडक दिल्याच्या वार्ता समाजाला वरचेवर ऐकाव्या लागतात. रक्षणासाठी मागे ठेवलेली गाडीच बेभरवशाची असली, तर ती नसलेली बरी.

यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला मुलगा म्हणाला, "पप्पा, हे काम घरी होईल. सुटे भाग तेवढे आणू."

"मग डावीकडचेच बदल. उजवीकडे आवाज कुठे आहे?" वडिलांनी हिशेब मांडला. खर्च वाचवण्याची ही रीत व्यापाऱ्याच्या अंगवळणी पडलेली असते, आणि ती नेहमीच चुकीची असते असेही नाही.

रविवारी इमारतीखालच्या सपाट जागेत काम सुरू झाले. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, पुढचा भाग जॅकने उचलला आणि भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचे नाही, हा पहिला नियम. बहुतेक लहान मोटारींची पुढची रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने रूढ केलेल्या पद्धतीची असते. वर स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर यांचा एकच खांब, खाली लोअर आर्म. हा आर्म आतल्या टोकाला रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याशी आणि बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंटने चाकाच्या बाजूशी जोडलेला असतो. रबर चिरले तर गाडी खडखडते, एका बाजूला ओढते. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवे होते आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते.

डावीकडची खटखट लिंक रॉडची निघाली. भाग लहान, धोका त्या मानाने थोडा. तेवढ्यावर काम आटोपत होते. मुलाने सहज म्हणून उजव्या आर्मखाली पहार घालून दाब दिला. बॉल जॉइंट खालीवर हलला. त्याचे रबरी टोपण फाटलेले होते, आतले ग्रीस वाहून जाऊन तेथे खारी धूळ आणि गंज भरला होता. या बाजूने आजवर चकार शब्द काढला नव्हता.

वडील बराच वेळ वाकून पाहत राहिले. दुकानात माल आला की पोत्याच्या तोंडाचे धान्य पाहून ते कधी समाधान मानत नसत; हात खोल घालून तळचे दाणे काढत, कीड आहे का ते उजेडात पाहत. साध्वीजी पात्रे आणि वस्त्रे दिवसातून दोनदा पडिलेहण करून न्याहाळतात, ती काही जीव दिसला म्हणून नव्हे. "दोन्हीकडचे आर्म नवे आण," ते म्हणाले.

गंजलेल्या बोल्टांनी संध्याकाळपर्यंत झुंजवले. गंज सोडवणारे तेल मारायचे, थांबायचे, पुन्हा पाना लावायचा. स्टिअरिंग वळवताना वरचे माउंटिंगही करकरत होते, म्हणून मुलाने उजवा खांब उतरवला आणि स्प्रिंग दाबण्याचे उसने आणलेले आकडे पुढे केले. येथे मात्र वडिलांनी हात धरला. गाडीच्या पुढच्या भागाचे ओझे पेलणारी ती स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते. आकडा घसरला तर ती माणसाचा जबडा फोडू शकते. मुलगा हिरमुसला. दुसऱ्या दिवशी दोन्ही खांब रिक्षात घालून उरणच्या एका गॅरेजात नेले. मिस्त्री म्हणाला, "शेठ, घरी उघडले नाहीत हे बरे केलेत."

घरी परतल्यावर एक बारकावा मुलाने वडिलांना शिकवला. बुशांचे बोल्ट चाक लोंबकळत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तसे केले तर गाडी जमिनीवर येताच रबर पिळले जाते आणि नवे बुश अल्पावधीत फाटते. त्यांनी आर्मखाली जॅक लावून गाडीचे वजन त्यावर येऊ दिले, मगच ठरलेल्या जोराने आवळले. नंतर चाकांचे अलाइनमेंट बाहेरून करून घेतले.

विहाराच्या आदल्या रात्री वडील पुन्हा पार्किंगमध्ये उतरले. मुलगा आधीच तेथे होता, हातात टॉर्च घेऊन उजव्या चाकापाशी बसलेला.

"डावे पाहिलेस?"

"पाहिले, पप्पा. तुम्हीही एकदा पाहा."

पहाटे साडेपाचला गाडी रस्त्याला लागली. पुढे साध्वीजी चार हात जमीन न्याहाळत पावले टाकत होत्या. मागून मुलगा पहिल्या गिअरमध्ये, क्लच सांभाळत, त्यांच्या चालीने येत होता.