पाणी ओसरल्यावर

मुंबईहून सुट्टीला आलेल्या भाच्याने विचारले, "मामा, येलदरीला उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी काय असतं?" त्याच्या प्रश्नामागे चौपाटी होती, गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच होती. पाण्याकाठचे गाव म्हटले की उन्हाळ्यात तेथे काहीतरी 'असते', ही त्याची समजूत. मला चटकन उत्तर सुचले नाही, आणि ते न सुचणेच पुढे बराच काळ मनात राहिले.

जिंतूर तालुक्यातील येलदरीला पूर्णा नदीवरचे धरण आहे. 1960च्या दशकात ते उभे राहिले. साडेसात मेगावॅटचे तीन संच फिरवून सोडलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतांवर पोचते. समुद्राचा काठ भरती-ओहोटीला थोडा मागेपुढे होतो; जलाशयाचा काठ मात्र फाल्गुनापासून मृगापर्यंत सतत मागेच जात राहतो. उघड्या पडलेल्या गाळात कोणी गाळपेर करतो, कोणी जाळे वाळवतो. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काठावर चिटपाखरूही नसते. पाहुण्याने यावे ते सकाळी.

पण आमच्या घरी या ओसरण्याचा अर्थ निराळा होता. माझ्या आईचे माहेर या पाण्याखाली आहे. गाव उठून दुसरीकडे वसले, नाव तेच राहिले; जुनी जागा तळाशी गेली. 2016च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी, येलदरीचे पाणीही फार खाली गेले. मी सत्तरीतल्या आईला घेऊन गेलो. भेगाळलेल्या गाळातून चालत तिने घराचे जोते शोधून काढले. चूल कोठे होती, उखळ कोठे होते, ते बोटाने दाखवले. एका दगडावर ती बसली आणि पदराने त्याच्यावरचा गाळ पुसू लागली. मला वाटले, आपण तिला सुख दिले.

पुढे 2022च्या वैशाखात मी तिला पुन्हा नेले. मधल्या पावसाळ्यांनी जलाशय भरला होता; जोत्याच्या जागी नजर पोचेल तेथवर पाणी. मी हळहळलो, "यंदा काही दिसायचं नाही गं." ती म्हणाली, "न दिसलेलंच बरं, बाबा. पानी हाय म्हन की."

तेव्हा उमगले, की आईचे अंगण पाहण्याची माझी इच्छा म्हणजे नकळत दुष्काळाचीच इच्छा होती. ज्या वर्षी तिचे माहेर वर येते, त्या वर्षी कोणाची तरी विहीर आटलेली असते. तिला हे आधीपासून ठाऊक होते. 2016 साली दगड पुसताना ती एक शब्दही का बोलली नाही, ते मला सहा वर्षांनी कळले. विस्थापितांवर आपण वर्गात पुष्कळ बोलतो. त्यांच्या हरवलेल्या गावाची आठवण आपल्याला साहित्याचा विषय म्हणून प्रिय असते. ते गाव बुडालेलेच राहो, असे म्हणणारी त्यांची शहाणीव मात्र आपल्या टिपणांत क्वचित येते.

भाच्याला मी सकाळी काठावर नेले. पाणी अजून बरेच होते. "यात काय बघायचं?" त्याने विचारले. मी म्हणालो, "हे पाणी. आणि याच्याखाली तुझ्या आजीचं घर आहे."

त्याने खिशातून काढलेला फोन परत ठेवला, आणि आम्ही ऊन तापेपर्यंत तेथे बसून राहिलो.