आधी मागणारा, मग देणारा

"सर, घरी लॅपटॉपवर चालत होतं हो!" आमच्या लॅबमध्ये हे वाक्य दर सत्रात ऐकू येतं. परवा ज्या मुलीनं ते म्हटलं, तिचा कोड चोख होता. घरी डेबियन, लॅबमध्ये उबुंटू, आणि पडद्यावर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी'. मॅथ लायब्ररीसाठी लागणारं 'मायनस एलएम'ही मेकफाइलमध्ये होतं, पण एलडीफ्लॅग्जच्या ओळीत. मेक आपल्या ठरलेल्या नियमानं एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलच्या आधी घालतं, एलडीलिब्ज नंतर.

तिला ऑब्जेक्ट फाइलमधली नावं दाखवणारी एनएम ही कमांड चालवायला सांगितलं. मेनच्या आधी टी होता, एसक्यूआरटीच्या आधी यू आणि पत्त्याची जागा कोरी. हा यू म्हणजे अजून न भागलेली मागणी. लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. स्टॅटिक लायब्ररी लागली की तोवर साचलेल्या मागण्या भागवणारे तुकडेच तो उचलतो, बाकीचे सोडतो. लायब्ररी आधी आली तर मागणीच नसते. मग काहीच न उचलता तो पुढे जातो आणि मागे वळत नाही.

मॅथ लायब्ररीसारख्या शेअर्ड लायब्ररीला हा क्रम एरवी जाचत नाही. पण उबुंटूनं 2011 साली, 11.10 पासून, मागणी असेल तरच लायब्ररी जोडणारा 'ॲज नीडेड' हा पर्याय मुळातच चालू ठेवला, तेव्हा तीही या नियमात आली. डेबियननं तसं केलं नाही, म्हणून घरी अडलं नाही.

हा भाग शिकवताना मी टीसॉर्टचा विषय काढतोच. जुन्या युनिक्सचा लिंकर लायब्ररीच्या आतले तुकडेही एकदाच, ओळीनं वाचायचा. ते योग्य क्रमानं लावायला ही कमांड जन्मली. आतल्या क्रमाची ती गरज केव्हाच संपली, पण टीसॉर्ट आजही बहुतेक लिनक्सवर सापडते. मुलांनी ती एकदा तरी चालवावी असं मला मनापासून वाटतं.

'मायनस एलएम' एलडीलिब्जमध्ये गेलं आणि प्रोग्रॅम जोडला गेला. तेवढ्यात तिनं विचारलं, "मग मागच्या प्रॅक्टिकलला हे दिलंच नव्हतं, तरी 2 चं वर्गमूळ कसं आलं?" फार चांगला प्रश्न. आकडा कोडमध्येच लिहिलेला असला की जीसीसी उत्तर स्वतः काढून ठेवतं, लायब्ररीकडे जायची वेळच येत नाही. स्कॅनएफनं आकडा घेतला असता, तर ती त्याच दिवशी अडली असती.