ओझे आणि इंद्रवज्र

पावसाळ्यात सह्याद्रीत जायचे तर तयारी ती कसली करायची, असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. एक सॅक, जुने बूट आणि भिजायची मनाची तयारी, झाले! नुसत्या भटक्याच्या बाबतीत हे खरेही आहे. भटका भिजतो आणि वाळतो. कॅमेरा एकदा आतून भिजला की वाळून पुन्हा पूर्वीसारखा होईल याचा भरवसा नाही. डोंगर म्हणतो, ओझे कमी करा. छायाचित्रण म्हणते, आणखी एक लेन्स असू द्या. या भांडणात आम्हा चौघांचा प्रत्येक भाद्रपद जातो.

यंदा हरिश्चंद्रगड ठरला आहे. १४२४ मीटर उंचीचा हा गड आम्हाला नवा नाही. खिरेश्वरहून तोलार खिंडीने झाला आहे, आणि गुडघे तरुण असताना एका कोरड्या हिवाळ्यात बेलपाड्याहून नळीच्या वाटेनेही झाला आहे. या खेपेस मात्र पाचनईची सोपी वाट धरायची, आणि त्याचे कारण मास्तर. मास्तर म्हणजे आमच्यातले ज्येष्ठ, निवृत्त चित्रकला शिक्षक. गेल्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टरांनी सावकाश चढायची परवानगी दिली आहे. घरच्यांनी ती अजून पुरती दिलेली नाही. मास्तरांनी कोकणकडा अकरा वेळा पाहिला, पण त्यांना इंद्रवज्र एकदाही दिसलेले नाही.

इंद्रवज्र म्हणजे धुक्यावर उमटणारे पूर्ण गोल इंद्रधनुष्य. पाठीशी ऊन हवे, समोर खाली धुके हवे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा असल्याने हा योग सकाळीच साधायचा. आषाढात धुके मुबलक, पण सूर्याचा पत्ता नाही. दिवाळीनंतर सूर्य आहे तर दरी स्वच्छ. म्हणून भाद्रपद. ऊन-पावसाची लपाछपी चालू असते, पठारावर सोनकी फुललेली असते आणि कोकणातून ढग वर चढत असतात. तरीही खात्री कशाचीच नाही. मुक्कामाचे वन खात्याचे नियम त्या आठवड्यात काय आहेत, हे आधी पाचनईत विचारून घ्यायचे. वर राहता आले नाही, तर अंधारातच चढायला लागायचे. मास्तरांच्या चालीने तीन तासांची वाट चार तासांची धरली आहे.

आता सामान. सुती कपडे आणि जीन्स पहिल्याच फेरीत बाद. पाणी पिऊन ती धोंड्यासारखी जड होतात. कोरड्या कपड्यांचा एक जोड दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधायचा आणि मुक्कामाखेरीज, काहीही झाले तरी, सोडायचा नाही. छत्रीला ट्रेकर मंडळी हसतात, आम्ही नेतो. पाचनईच्या वाटेवर कातळावरून ओघळणाऱ्या पाण्याखाली कॅमेरा काढायचा तर तिच्यासारखे साधन नाही. कड्यावर मात्र ती मिटूनच ठेवायची, कारण तिथे वारा खालून येतो आणि पाऊसही वर उडतो.

दमटपणा हा पावसाहून लबाड शत्रू आहे. तो लेन्सच्या आत शिरतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी काचेवर बुरशीचे जाळे दाखवतो. त्यावर उपाय सिलिका जेलचा. निळे दाणे गुलाबी झाले की स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या तव्यावर मंद भाजायचे, पुन्हा निळे होतात. धुक्याचे चित्र काढताना कॅमेऱ्याचा मापक पांढऱ्यालाही राखाडी समजतो आणि चित्र मळकट करतो, तेव्हा प्रकाश एक पायरी वाढवून घ्यावा. स्वयंचलित फोकस धुक्यात चाचपडत राहतो, म्हणून तो हातानेच अनंतावर लावावा. छत्तीस चित्रांच्या रोलवर शिकलेल्या आम्हाला या गोष्टी सवयीच्या आहेत.

सवयीची नसलेली गोष्ट निराळीच निघाली. वजन कमी करायचे म्हणून चौघांत मिळून एकच कॅमेरा न्यायचा ठरले, आणि तो कोणी धरायचा यावर दोन संध्याकाळी गेल्या. प्रश्न मानाचा नव्हता, प्रकाशाचा होता. इंद्रवज्राचे वलय ज्याचे त्यालाच, स्वतःच्या डोक्याच्या सावलीभोवती दिसते. शेजारी उभ्या मित्राची सावली दिसेल, पण तिच्याभोवती रंग दिसणार नाहीत. ते त्याचे त्याला. कॅमेराही याला अपवाद नाही. चित्रातले वलय कॅमेऱ्याभोवतीचे असते. म्हणजे आम्ही काढलेले इंद्रवज्र मास्तरांना दाखवले, तरी ते आमचे असेल.

कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने याच गडावरच्या इंद्रवज्राचे वर्णन १८३५ साली प्रसिद्ध केले. वर्तुळात त्याला स्वतःची, घोड्याची आणि बरोबरच्या माणसांची सावली दिसली होती. (घोड्यालाही त्याचे वेगळे वलय दिसले असेल, त्याने निबंध लिहिला नाही, इतकेच.) छायाचित्रणाची कला जगापुढे आली ती १८३९ मध्ये. साईक्सपाशी शब्दांखेरीज काही नव्हते, आणि ते अजून पुरतात.

हे सारे मास्तरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे, मग मला कॅमेरा नकोच. मी नुसता बघेन." आम्ही ऐकले नाही. कॅमेरा त्यांच्याच गळ्यात राहील, चढताना तेवढा आमच्या पाठीवर. कड्याच्या टोकाशी उभे राहून डोळा कॅमेऱ्याला लावला की पायाखालच्या शेवाळाचा विसर पडतो, आणि त्या टोकाला दुसरी संधी नाही. म्हणून नियम असा केला आहे की चित्र घेणाऱ्याने बसून किंवा पालथे पडूनच घ्यायचे, आणि एकाने मागून त्याचा पट्टा धरायचा. मास्तरांचा पट्टा कोण धरणार, यावर वाद झाला नाही. तिघेही तयार आहेत.

ट्रायपॉडचा निकाल अजून लागायचा आहे. मास्तर तो सोडायला तयार नाहीत. त्याचे वजन दोन किलो, म्हणजे चौघांच्या एका वेळच्या खिचडीचे सामान आणि वर पातेले. कसाऱ्याहून घोटी, राजूरमार्गे पाचनईला जाणारी गाडी ठरली आहे. औषधांची डबी मास्तरांच्या खिशात आणि तिची जोडी आमच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात राहील. त्यांच्या सौ.नी काल फोन करून तो कप्पा नेमका कोणता, डावा की उजवा, हे विचारून घेतले.