सड्यावरचा हत्ती

माझ्या भाच्याला डायनासोर सोडून दुसरं काही सुचत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आल्या आल्या विचारलं, "आत्या, रत्नागिरीत हाडं कुठे सापडतात?"

कुठेच नाही. इथला मूळ दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्या रसात कोणाचं हाड टिकणार? त्याचाच वरचा थर पावसाने झिजून, लोह मागे राहून जांभा झाला. महाराष्ट्रातले डायनासोर तिकडे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला, नाहीतर सिरोंच्याकडे. पोराचं तोंड उतरलं. म्हटलं, "चल, हाडं नाहीत, पण जनावरं दाखवते."

भाट्याचा पूल, गोळप, पावस, मग पूर्णगडची खाडी. खाली माडापोफळींची सावली आणि चढ चढून वर आलं की एकदम उघडा सडा. वाळलेलं पिवळं गवत, मधून डोकावणारा काळा कातळ, नजर जाईल तिथवर झाड नाही. कोकण म्हणजे नुसता नारळ समजणाऱ्यांना इथे आणून भर दुपारी उतरवावं! मधूनच चिरेखाणी लागतात. काटकोनात कापलेले लाल खड्डे, यंत्राची घरघर, गाडीच्या काचेवर धुरळा. सातबाऱ्यावर हा कातळ पोटखराबा. पिकत नाही, मग विका, कापा. ते खड्डे पाहिले की मला वाटतं, खराबा खरा तो हा, आपण केलेला.

कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि जवळ उभं राहिलं तर तो दिसतच नाही. समोर नुसते उथळ चर. भाचा कडेकडेने फिरत एकेक चर जुळवू लागला. "हा पाय... नाही, सोंड!" पाठ सापडली तेव्हा ओरडलाच. मग पोटातले मासे, पक्षी, लहानसहान प्राणी शोधण्यात आमचा बराच वेळ गेला. हत्ती आज रत्नागिरीत नाही. इतर सड्यांवर कोरलेला एकशिंगी गेंडाही नाही. पण कोणीतरी ते पाहिले, अंगाचा बांधा ध्यानात ठेवला आणि धड उभं राहून दिसणारही नाही एवढ्या आकारात कोरले. कसे, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

गुराख्यांना ही चित्रं ठाऊक होती. जुनी माणसं पांडवांचं नाव घेतात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी सडे पायी तुडवून ती नोंदवली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यांतली सात रत्नागिरी जिल्ह्यातली. नेमकं वय छातीठोकपणे कोणी सांगत नाही, पण दहा हजार वर्षांच्या आगेमागे अंदाज केले जातात.

"फक्त दहा हजार?" भाचा म्हणाला.

देवाचेगोठण्याला मात्र तो गप्प झाला. भार्गवरामाच्या देवळामागून चढून गेलो. तिथल्या कोरलेल्या माणसावर होकायंत्र ठेवलं की सुई भरकटते. त्याने ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

परतताना गवत दाखवून मी त्याला पिसदुऱ्याची गोष्ट सांगितली. तिथल्या डायनासोरांच्या अश्मीभूत शेणात गवताचे सूक्ष्म कण सापडले आणि २००५ मध्ये तो शोध प्रसिद्ध झाला. त्याआधी डायनासोरांच्या काळात गवत होतं यावर विश्वास बसणं कठीण होतं. शेण ऐकून स्वारी खूश. पुढच्या सुट्टीत पिसदुराच, असा हुकूम सुटला. म्हणजे महाराष्ट्राचं एक टोक ते दुसरं. ती गाडी त्याच्या बापाने चालवावी.